सहा कागद

आमच्या वाचनालयात परवा परदेशातून एक पाहुण्या आल्या होत्या, वयाने नव्वदीला टेकलेल्या. लहानपणी हिटलरच्या छळछावणीतून त्या एकट्याच वाचल्या, घरचं बाकी कुणी उरलं नाही. पुढे त्यांनी पुस्तकं लिहिली, आणि आता गावोगाव शांततेसाठी बोलत फिरतात.

त्यांच्या मांडीवर लिहून आणलेले सहा कागद होते. माझं सगळं लक्ष त्या कागदांवर. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, मग सत्कार सुरू झाले ते काही संपेनात. अध्यक्षांनी तर स्वतःची युरोपची सहलच सांगितली.

"अहो, त्यांना बोलू द्या की आता," मी शेजारच्या सुमनताईंना म्हटलं.

"हळू बोला. आपल्या महिला मंडळाची शाल राहिलीय अजून."

आणि मीही मुकाट्याने उठले, शाल घालून आले. माझाच मला राग आला. मान द्यायला आपण किती तत्पर असतो हो! घरी कुणी म्हातारं माणूस आलं तरी आधी चहा, मग जेवणाचा आग्रह. ते काय सांगायला आलं होतं, हे विचारायचं राहूनच जातं.

शेवटी निवेदकाने घड्याळ दाखवलं, दहाच मिनिटं उरली होती. बाईंनी पाच कागद एकेक करून पर्समध्ये ठेवले आणि सहावा वाचायला घेतला. दुभाष्याने पहिलं वाक्य मराठीत सांगितलं, "म्हणून मी आज कुणाचाही द्वेष करत नाही."

टाळ्या कडाडल्या. 'म्हणून' म्हणजे कशामुळे, ते त्या पाच कागदांत होतं. विचारायला कुणी थांबलं नाही, बाहेर अल्पोपहार मांडला होता.