‘बसा की, सोडतो’: सुपे ते शेळगाव

लहानपणी मी आणि अक्का, माझी थोरली बहीण, एकाच चुलीपुढे फुंकणी घेऊन बसायचो. आता दोघींनाही सीओपीडी, फुप्फुसांचा जुनाट आजार. मी हडपसरला डॉक्टरांच्या धाकाने रोज अर्धा तास चालते. अक्का शेळगावला असते आणि चालत नाही. दिवाळीत न्हाणीपर्यंत जायलाही तिला लेकाचा, दत्ताचा, हात लागत होता. असंच चाललं तर ती खाट धरणार, ही भीती काही जाईना. म्हणून जानेवारीत निघाले.

सुप्यावरून जाणारी बारामती एसटी विचारून घ्या, सगळ्या तिथून जात नाहीत. बायकांना अर्धं तिकीट. इनहेलर कमरेच्या पिशवीत ठेवा, बॅग एकदा वरच्या फळीवर गेली की हाताशी येत नाही.

सुप्याहून रिक्षाने मयूरेश्वर अभयारण्यात गेले. सपाट माळ, वाळकं गवत, चढ नावाला. आमच्यासारख्यांना बरी जागा. फाटकावरच्या माणसाने माझा श्वास ऐकला आणि म्हणाला, “बाई, गाडीतनं बघा की. कशाला जिवाला तरास?” मी चाललेच. नाकाने श्वास घ्यायचा, गरम चहावर फुंकर घालावी तसा हळू सोडायचा. दोन चिंकारा दिसले. ते पळाले, मी उभी राहून दम घेतला.

बारामतीत पिठलं-भाकरी खाल्ली, दीडशेच्या आत. मग इंदापूरची एसटी धरून शेळगावच्या फाट्यावर उतरले. तिथून अक्काची वस्ती दीड किलोमीटर. तेवढ्या अंतरात चार मोटरसायकली आणि उसाचा एक ट्रॅक्टर थांबला. “बसा की मावशी, सोडतो.” प्रत्येकाला व्यायामाचं सांगितलं, कुणालाही पटलं नाही.

माझ्या आधी बातमी पोचली होती. दत्ता दारातच उभा, चेहरा उतरलेला. “मावशे, फोन करायचा की. लोकं म्हणत्यात, पावण्या माणसाला चालत आणलं.”

आत गेल्यावर सगळं लक्षात आलं. अक्काला पाणी हातात, ताट हातात. सून चप्पलसुद्धा खाटेपाशी आणून ठेवते. मायेत कुठेही खोट नव्हती, आणि त्या मायेनेच तिचे पाय गेले होते. मला राग आला, पण कुणावर काढायचा?

“दम लागतो म्हणून बसती,” अक्का म्हणाली.

“बसतेस म्हणून दम लागतो.”

“तुजं तुला. मी न्हाय उठायची.”

दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत थांबलो, कारण ऊसतोड झालेल्या एका रानात पाचट पेटलं होतं. या दिवसांत येणाऱ्यांनी धुराचा अंदाज घेऊनच बाहेर पडावं. मग मी एकटीच निघाले. मागे चपलांचा आवाज आला. वस्तीच्या रस्त्याला विजेचे खांब आहेत. पहिल्या खांबाला अक्का टेकली, दुसऱ्यापाशी दगडावर बसली आणि म्हणाली, “झालं समाधान?” तिचे ओठ थरथरत होते. तिच्या डॉक्टरांना विचारलं होतं तरी वाटलं, आपण भलतंच केलं. पाच मिनिटांनी श्वास जागेवर आला.

तेवढ्यात एक मोटरसायकल थांबलीच. “अक्का, बसा की, सोडतो.”

अक्काने माझ्याकडे पाहिलं. “नगं,” ती म्हणाली. “आमी चालायला आलोय.”

त्या दिवशी दत्ता माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. निघताना फाट्यापर्यंत मोटरसायकलवरून सोडलं, मीही मुकाट बसले.

घरी येऊन तीन आठवडे झाले. चिंकाऱ्यांचे फोटो धूसर आलेत. पैशात सगळी सहल स्वस्त पडली, पण अक्काच्या थरथरत्या ओठांची आठवण झाली की हातात घेतलेला फोन परत ठेवून देत होते. तिला फोन करायला मी घाबरत होते. काल दत्ताचाच आला.

“मावशे, आईपायी खुर्ची ठिवलीय रस्त्याला, दगुड टोचतोय म्हणून. लोकं हसत्यात.”

“दुसऱ्या खांबापाशी?”

“न्हाय, तितं व्हती. आज चौथ्यापाशी न्यायला लावली.”