बदकातला करंट

आमच्या कसबा बावड्यात एक गृहस्थ खेळण्यातली प्लॅस्टिकची बदकं उघडतो, आतल्या वायरी भलत्याच ठिकाणी जोडतो आणि स्पीकरला लावतो. मग बदक घसा बसल्यासारखं रेकतं आणि हा डोळे मिटून म्हणतो, "सर, ह्यो खरा सूर हाय की." तेलाच्या डब्याला तारा ताणून त्यानं एक वाद्यही केलंय. ते ऐकून माझी दाढ ठणकते.

तरी त्याच्या दारात माणसं जमतात आणि "परत एकदा" म्हणतात. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मी वीस वर्षं कीबोर्ड वाजवतोय, मला तसं कुणी म्हटलेलं नाही.

गणपतीत त्याला स्टेजवर घ्यायचं मंडळाच्या मनात होतं. मी म्हणालो, "मिक्सरला जोडलं की त्या डब्यात करंट उतरेल. मरेल तो." हे मी खोटं बोललो होतो, आज पहिल्यांदाच सांगतोय. त्याचा कार्यक्रम रद्द झाला.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला, हातात नवाकोरा लाकडी पाट. "सर, तुमच्यामुळं वाचलो. आता म्या पाटावर हुबा ऱ्हाऊनच वाजवतो. ह्यो तुमास्नी. जपा की जिवाला."

तेव्हापासून प्रत्येक लग्नात मी त्या पाटावर उभा राहून वाजवतो.