पागे सरांची गाय

पागे सर विद्यार्थ्याच्या कीबोर्डला कधी हात लावत नसत. कोणी कितीही अडकलेलं असो, सर पाठीमागे हात बांधून उभे राहणार आणि विचारणार, "हं, मग? आता काय म्हणतंय ते?" ते म्हणजे कॉम्प्युटर. आम्ही अगदी रडकुंडीला यायचो. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, तुम्हाला चुटकीसरशी येईल, करून द्या ना." तर म्हणाले, "मी केलं तर ते माझं झालं ना बाई. माझ्याकडे माझं पुष्कळ आहे."

इंदूरच्या एका खाजगी कॉलेजात ते आम्हाला गेम प्रोग्रॅमिंग शिकवायचे. पहिल्याच दिवशी माझ्या शेजारचा रोहित छाती फुगवून म्हणाला, "सर, मी तर माझा स्वतःचा गेम बनवणार, एकदम धांसू." सरांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि ते खास इंदुरी थाटात, भैयाचा भिया करत, म्हणाले, "बनव ना भिया, कौन रोक रहा है? पण आधी दुसऱ्याचा बिघडलेला नीट करून दाखव." आणि त्यांनी आम्हाला ओपन सोर्स गेम्सच्या दुनियेत ढकलून दिलं. हे गेम कोणा एकाचे नसतात. त्यांचा सगळा कोड उघड्यावर असतो. कोणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. गेम सांभाळणारा माणूस ती दुरुस्ती तपासतो, पटली तर घेतो, नाही तर परत करतो. कारण न लिहिता परत करणं सरांना खपत नसे, आणि न तपासता घेणं तर मुळीच नाही.

सुरुवातीला कितीतरी दिवस त्यांनी आम्हाला एक ओळही लिहू दिली नाही. नुसतं खेळा आणि वाचा. "कोणाच्या घरी गेलात की शिरल्या शिरल्या त्यांचा पलंग सरकवता का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रोहितला कुठला दम निघायला? त्याने कोणालाही न विचारता एका गेमचे सगळे रंग बदलून पाठवले. तिकडून मोठा सभ्य, सविस्तर नकार आला. रोहितचं तोंड उतरलं. सर मात्र खूश. "अरे, एका अनोळखी माणसाने तुझ्यासाठी वेळ काढून एवढं लिहिलंय. घरचे तरी इतकं समजावतात का?" त्यांनी तो नकार अख्ख्या वर्गाला वाचून दाखवला, आणि खरं सांगते, ऐकता ऐकता रोहितही हसायला लागला.

सरांनी लिहिलेला एक गेम होता, तोही असाच सगळ्यांसाठी खुला. इंदूरहून जवळच्या सांवेर गावाला बस न्यायची. वाटेत प्रवासी, ट्रॅक्टर, खड्डे, आणि रस्त्याच्या मधोमध ठाण मांडून बसलेली एक गाय. तरुणपणी सर सांवेरच्या शाळेत शिकवायचे, रोज मोटरसायकलने जायचे. तो सगळा अनुभव त्यांनी गेममध्ये ओतला होता. त्यामुळे ती गाय हॉर्नला अजिबात दाद देत नसे. बस थांबवून गप्प बसलं, की आपली आपण उठायची. "सांवेर रोडची गाय आहे ती," सर अभिमानाने सांगायचे. "तिला आरडाओरडा चालत नाही."

रिटायर होताना त्यांनी हा गेम आम्हा जुन्या विद्यार्थ्यांच्या हवाली केला. शेवटचा शब्द मृणालचा, असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मृणाल म्हणजे मी. "सर, पण तुम्ही आहात ना?" मी विचारलं.

"मी आहे, पण गेम आता माझा नाही. तुम्हाला तो सांभाळता आला तर मी काही शिकवलं म्हणायचं. नाही तर नुसता पगार खाल्ला." हे ते हसत म्हणाले, पण मला काही ते हसण्यावारी नेता आलं नाही.

पुढे फिनलंडमधल्या एका भल्या माणसाने तक्रार लिहिली, की या गेममधली गाय हॉर्न ऐकत नाही, ही चूक असावी. सोबत दुरुस्तीही पाठवली. त्या बिचाऱ्याला सांवेर रोडचं काय माहीत? मी नेमकी ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होते. कोड स्वच्छ दिसला म्हणून रोहितने माझ्याऐवजी ती दुरुस्ती घेऊनही टाकली.

मग सरांचा फोन आला. "मृणाल, गाय हॉर्नला उठायला लागली का गं?" आवाज अगदी पडलेला. मला कसंसंच झालं.

"सर, आत्ताच्या आत्ता होतं तसं करून टाकते."

"असं फोनवर होत असतं का? मी रीतसर दुरुस्ती पाठवतो. तू तपास. कोणाचीही तपासशील तशीच."

दुरुस्ती आली. रोहित म्हणाला, "ले ले यार, सरांचीच आहे, त्यात बघायचं काय?" मलाही मोह झालाच. पण जुनी इंदूर या भागातल्या आमच्या घरी मी लॅपटॉप उघडून खेळत बसले. गाय मस्त बसली होती; आता तर हॉर्न वाजला की ती आणखीच ठाण मांडेल, असं सरांनी केलं होतं. मी बस थांबवली, गप्प राहिले, गाय उठू लागली. तेवढ्यात मागच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला आणि ती पुन्हा खाली बसली. ट्रॅक्टरचा हॉर्न काही थांबेना, गाय काही उठेना, बस जागची हलेना. शिवाय इथे गप्प बसायचं असतं, हे नव्या खेळाडूला कळायला काही मार्गच नव्हता.

आई पानं घेत होती. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "सरांची चूक काढणार तू? शोभतं का?" मला रडूच यायला लागलं. दुरुस्ती तशीच घेतली असती तर सर सुखावले असते, पण मग गेम सांभाळायला आम्ही कशाला हवे होतो? मी दोन्ही कारणं नीट लिहिली, पुन्हा पुन्हा वाचली आणि सरांची दुरुस्ती परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच उत्तर नाही. मला जेवण जाईना. मग फोन आला तो पागेकाकूंचा. "काय लिहिलंस गं तू यांना? फिरून आल्यापासून कॉम्प्युटर सोडत नाहीयेत. भाजी आणा म्हटलं, तर म्हणे, थांब, मॅडमनी काम परत पाठवलंय."

"काकू, चिडलेत का हो?"

"चिडलेत कसले, गुणगुणतायत. सकाळी फिरायला गेले तर भेटेल त्याला सांगत सुटले, मेरी स्टूडेंट ने मेरा काम रिजेक्ट कर दिया. लोकांना कळेना, अभिनंदन करावं की सांत्वन."

संध्याकाळी दुरुस्ती पुन्हा आली. आता ट्रॅक्टरवाला समजूतदार झाला होता. आणि बसच्या मागच्या सीटवरचा एक प्रवासी ड्रायव्हरला सांगत होता, "भिया, हॉर्न मत बजाओ, अपने आप उठ जाएगी." मी सगळं उलटसुलट खेळून पाहिलं आणि दुरुस्ती घेतली.

लगेच सरांचा फोन. "नीट तपासलीस ना?"

"तपासली सर. सगळं चालतंय."

"मग आता मी गेलो तरी हा गेम चालेल."

"काहीतरीच काय बोलता सर," मी म्हटलं.

"अगं, खुशीत बोलतोय मी," सर म्हणाले.