पाण्याची थंडी

बोईसर स्टेशनावर मला सोडायला आप्पा आले, तेव्हा माझी ट्रंक त्यांनीच उचलली. मी म्हटलं, द्या इकडे, तर ऐकेनात. मोतीबिंदूनं डोळे अधू झालेले, फलाटावर दोनदा ठेचकाळले, पण ट्रंक काही सोडली नाही. गाडी हलली तसे खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "शिक बाबा. माज्यावानी अडाणी राहू नको. माजं पोलाद तुज्या मशीनपुढं टिकलं नाय." कुसुम, तू तेव्हा त्यांचा हात धरून उभी होतीस. तुला वाटलं, दादा घर सोडायचं म्हणून रडतोय. मी त्या वाक्यानं रडत होतो, कारण ते खोटं होतं आणि ते खोटं माझं होतं.

आज हे तुला लिहितोय, आणि तुझ्यामार्फत आपल्या गल्लीला. चिंचणीत राहिले त्यांना, आणि माझ्यासारखे निघून गेले त्यांनाही. गेलेल्यांच्या मुलांना आपला धंदा ठाऊक नसेल, म्हणून आधी तेवढं सांगतो.

आपल्याकडे घरोघर डाय कोरायचे. पोलादाच्या ठोकळ्यात उलटी नक्षी कोरायची. तिच्यावर सोन्याचा पत्रा ठेवून ठोकला की दागिना उठतो. कोरताना पोलाद मऊ असतं. कोरून झालं की ते लाल होईतो तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं. याला पाणी देणं म्हणतात, आणि मगच डाय कडक होते. महिनोन्महिन्यांची मेहनत त्या एका बुडीत तरते नाहीतर जाते. आप्पा डाय बुडवण्याआधी बादलीत लोखंडाचा एक तापलेला तुकडा सोडायचे. मग पाण्यात बोट घालून बघायचे. कोमट लागलं तरच डाय आत. "पाण्याची थंडी काढायची आदी," म्हणायचे. का? तर, "माज्या बापानं काढली, मी काढतो." झालं! यापुढे एक अक्षर नाही. मला या उत्तराचा असा संताप यायचा म्हणून सांगू!

तारापूरला तेव्हा वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं. रस्ते रुंद झाले, ट्रक धुरळा उडवत जायचे, कुठकुठली माणसं येऊन राहिली. मी एका ठेकेदाराच्या वर्कशॉपात चिकटलो. तिथं विजेची भट्टी होती आणि तिला तापमान दाखवणारा काटा. आमचा मिस्त्री कानपूरकडचा. "काँटा देखो, आँख का भरोसा मत करो," असं दिवसातून दहादा ऐकवायचा. मला ते वेदवाक्य वाटायचं. वीस वर्षांचं वय, खिशात स्क्रू-ड्रायव्हर, आणि टाळक्यात हवा. घरी येऊन आप्पांना शिकवायचो मी!

त्या वर्षी आप्पांनी एका शेठसाठी कुयरीच्या हाराची डाय करायला घेतली होती. डोळे जात चालले होते, ते त्यांनाही कळत होतं. दुपारच्या उन्हात ओट्यावर बसून, नजरेपेक्षा बोटांनीच जास्त, त्यांनी ती चार महिने कोरली. तशी डाय गल्लीत कुणी केली नव्हती. शेजारपाजारचे कारागीर येऊन बघून जायचे आणि काही न बोलता जायचे. आपल्या गल्लीत याहून मोठी शाबासकी नव्हती. ती शेवटची आहे हे आप्पा आईला म्हणाले होते, मी ऐकलं होतं. आणि तरी मी हट्ट धरला. आपली कोळशाची भट्टी नको, मी वर्कशॉपात नेतो, काट्यावर अचूक तापवतो.  तिसऱ्या दिवशी आप्पांनी ती धुतलेल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "पाण्याची थंडी तेवढी काढ," म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत मी भट्टी लावली. काटा हवा तिथं आला. बाजूला नळाच्या ताज्या पाण्याची बादली होती. थंडी काढायला एखादा तुकडा तापवायला हवा होता, पाच मिनिटांचं काम. कसली थंडी नि कसलं काय, असं म्हणालो आणि डाय बुडवली. फुसकन वाफ आली आणि मग आतून आवाज आला. टिक्. एवढाच.

घरी आप्पांनी डाय घेतली, नक्षीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. कुयरीच्या देठाशी नख तड्यात अडकलं. ते बराच वेळ तिथंच नख फिरवत राहिले. मग विचारलं, "थंडी काढलीस?"

"काढली," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला गं! त्यांना वाटलं, थंडी काढली, काटा बरोबर, म्हणजे पोलादच वाईट निवडलं, नाहीतर देठाचा कोपरा आपण जास्त धारदार कोरला. दुसऱ्या दिवशी शेठ डाय न्यायला आले. अख्ख्या गल्लीदेखत आप्पा त्यांना म्हणाले, "माजा हात गेला, शेठ. आता मला काम देऊ नका." मी दारातच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. नाही उघडलं. महिन्याभरात मी शिकायला मुंबई गाठली, पुढे बंगळूर. आप्पांनी छिन्न्या कायमच्या बांधून ठेवल्या आणि लोकांच्या कोयत्यांना धार लावून द्यायला लागले. हे तूच पत्रात लिहायचीस, सहज. मी ते पत्र घडी घालून ठेवून द्यायचो.

पुढचं तुम्हाला पेपरातनं माहीत आहे. भट्टीचं तापमान सगळेच मोजत होते, मी पाण्याचं मोजायचं यंत्र केलं. पाणी ठरल्याइतकं कोमट होईतो ते भट्टीचं दार उघडूच देत नाही. पोलाद थंड पाण्यात एकदम आकसतं आणि तडकतं, हे मला पुस्तकात वाचून कळलं. आप्पांच्या बोटाला ते कळत होतं. कंपनी त्याच यंत्रावर उभी राहिली. पेटंटवर नाव माझं.

कॉलेजात भाषणाला बोलावतात. सर, तुमची इनोव्हेशनची तत्त्वं सांगा. मी सांगतो. जुना कारागीर एखादी गोष्ट का करतो ते त्याला सांगता येत नसलं, तरी हसू नका, त्याच्या शेजारी बसून शोधा. नवा प्रयोग आधी भंगारावर करा, कुणाच्या एकुलत्या एका कामावर नाही. आणि चूक त्याच दिवशी सांगा. आमच्याकडे चूक सांगणाऱ्याला पेढा मिळतो. पोरं हसतात, टाळ्या वाजवतात. मी पाणी पितो. माझ्याच कारखान्यात मला आजवर एकही पेढा घेता आलेला नाही. अजून गरम चहाचा कप ओल्या ओट्यावर टेकवला आणि कुठं बारीक तडा गेला, की माझ्या पाठीतून थंडी जाते. बायको विचारते काय झालं. काही नाही म्हणतो.

आप्पा गेले तेव्हा मी आलो होतो. ओसरीवर एक म्हातारे कारागीर मला समजावत होते, "वाईट वाटून घेऊ नको, शेवटी हात जातोच माणसाचा." तेव्हाही मी मान डोलावली.

मागच्या आठवड्यात फोनवर तुला सगळं सांगितलं.  तू म्हणालीस, "दादा, हे त्यांना सांगायचं होतंस. मला सांगून मी काय करू?" खरं आहे. इथं मला मोठं घर आहे, गच्ची आहे, नातवंडं कानडी बोलतात. पण घर म्हटलं की मला फक्त तो ओटा दिसतो, जिथं बसून आप्पा स्वतःला दोष देत राहिले आणि मी ऐकत राहिलो. तिथं आता कुणाला तोंड दाखवायचं, हा प्रश्न उरलाय.

तू म्हणालीस, गल्लीत ऐकायला उरलंय कोण. चार-पाच म्हातारे आहेत ना? आणि त्यांची पोरं? त्यांना ओट्यावर बोलव आणि हे वाच. मोठ्यानं वाच. आप्पांनी कोरलेल्यात काही खोट नव्हती, हे दोनदा वाच. आणि ती डाय कुणी तडकवली, तिथं माझं नाव लाजेपोटी गाळू नकोस.