अजून अर्धा फेरा

"थांब गं, अजून अर्धा फेरा." नळ बंद करताना, गॅसचं बटण फिरवताना, लोणच्याच्या बरणीला झाकण लावताना आमच्या शेजारचे काका हे म्हणायचे आणि मनगटाला एक जादा पीळ द्यायचे. त्यांनी लावलेलं झाकण आमच्या अख्ख्या मजल्यावर कुणालाच उघडता यायचं नाही. तुमच्याही सोसायटीत असा एक जण असेलच. कुलूप ओढून बघतो, जिना उतरतो, परत येऊन पुन्हा ओढतो. काका तर लिफ्टमधून परत यायचे.

गाडीचं विचारूच नका. मुलुंडच्या आमच्या पार्किंगमध्ये त्यांची नि माझी गाडी शेजारी-शेजारी. गॅरेजमधून गाडी आली रे आली की काका चाकांचे नट स्वतः पुन्हा आवळायचे. पान्याला लांब पाइप लावून, वर त्या पाइपवर चक्क उभे राहून!

"काका, नट आहे तो, चोर नाही."

"तुला नाही कळायचं. ह्यात माझी मुलगी बसते."

मुलगी बसत नव्हती, हीच तर गोम होती. काकू गेल्या आणि काकांनी सगळा जीव तिच्यात गुंतवला. लग्न होऊन ती बोरिवलीला गेली तरी चैन नाही. जेवलीस का, पोचलीस का, फोन नाही उचलला तर थेट तिच्या सासूला फोन. "ताई, जीव गुदमरतो गं," ती मला म्हणायची. माहेरी यायची ती टॅक्सी करून, तीसुद्धा क्वचितच.

मग तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, पण माहेरी आई नाही. सासरचे म्हणाले, इथेच राहा. कोण जाणे काय वाटलं, तिने बाबांना फोन केला. "रविवारी तुम्हीच या मला न्यायला."

शनिवारी सकाळीच काकांनी चाकं तपासायला घेतली. मागच्या चाकाचा एक नट हलेना. काकांनी पाइप लावला, जोर केला आणि काडकन स्टड मोडला. स्टड म्हणजे हबमध्ये, चाकामागच्या लोखंडी चकतीत, ठोकून बसवलेला तो बोल्ट, ज्यावर चाक अडकवून नट पिळतात. चाक उतरवलं, तर मोडका तुकडा हबमध्ये तसाच. तेल ओतून झालं, शिव्या घालून झाल्या, मग हातोडा सुरू झाला. ठाण, ठाण, ठाण. माझी घरून ऑफिसची मीटिंग चालू होती. तणतणत खाली गेले.

"काका, कानांची वाट लावलीत!"

"उद्या तिला आणायचंय गं." शर्ट घामाने चिकटलेला. चार घाव घालायचे, गेटपर्यंत जायचे, परत यायचे. एका जागी उभं राहवत नव्हतं त्यांना.

"माझी गाडी न्या ना. नाहीतर मेकॅनिकला बोलावू."

"ती म्हणाली, तुम्हीच या."

कपाळ माझं! मी रंगाच्या डब्यावर बसले आणि तुकड्यावर लोखंडी दांडा धरला. काकांनी त्या दांड्यावर हातोडा हाणला. माझा अंगठा वाचला हे नशीब. दुपारी कधीतरी तो मेला तुकडा मागे सरकला आणि खाली पडला. मग काकांनी त्या चाकाचे बाकीचे स्टडही ठोकून काढले आणि दुकानातून आणलेल्या नव्यांच्या शेजारी फरशीवर मांडले.

जुने सगळे मधे ताणून बारीक झालेले. आटे ओढलेले. काका बघत राहिले आणि दिवसभरात पहिल्यांदा खाली बसले.

"हे गॅरेजवाल्यांनी नाही केलेलं."

"नाही, काका."

"मीच आवळून आवळून..." ते थांबले. "पोरीचंही असंच केलं का गं मी?"

माझी जीभ तशी फटकळ. "थोडंसं, काका."

संध्याकाळी नवे स्टड बसले, चाक चढलं. काकांनी नट आवळले, पाइप न लावता. शेवटच्या नटावर हात पुन्हा गेला, तिथेच घुटमळला. मग पाना डिकीत टाकून त्यांनी डिकी बंद केली. दुसऱ्या दिवशी मुलगी त्यांच्या शेजारी बसून घरी आली. यथावकाश नात झाली.

काका गेल्या वर्षी गेले. मुलगी घर आवरायला आली होती, तेव्हा माझ्याकडे चहाला बसली. मग म्हणाली, "ताई, एक सल आहे. बाळंतपणाला आले होते ना, तेव्हा बाबांनी मला एकदाही विचारलं नाही, जेवलीस का. मी वाट बघायचे गं. वाटायचं, मी त्यांना जड झाले."

मला राहवेना. तिला हाताला धरून खिडकीशी नेलं, खाली पार्किंग दाखवलं. "तिथे बाबा फेऱ्या मारायचे. वर असलो की 'जेवलीस का' तोंडातून निघून जाईल म्हणायचे. मी ऑफिसातून आले की मला गाठायचे. तूच वर जा, जेवली का बघून ये, माझं नाव नको सांगू."

तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तू रोज यायचीस ते..."

"मला कुठली गं एवढी माया? बाबाच विचारत होते तुला. रोज."

तिचा चहा तसाच राहिला. ती खिडकीच्या गजांना धरून खाली बघत उभी राहिली, आणि मीही.