शिंगं मोडलेला बैल

दातांच्या डॉक्टरानं यंत्र दाढेवर टेकवलं, हाड जळल्याचा वास आला आणि मी गोंदियाजवळच्या जुन्या बैलबाजारात पोचलो. मामाचा एक बैल मेला होता, आणि धानाची चिखलणी तोंडावर आली होती. चिंचेखाली दलाल आडव्या पाडलेल्या बैलाची शिंगं करवतीनं कापत होता, कारण शिंगावरच्या वळ्या वय सांगतात; वास हाच होता. आम्ही बघत असतानाच त्यानं रक्तावर हळद दाबली, बैल उठवून वासरांच्या रांगेत बांधला आणि म्हणाला, "एकदम जवान आहे, पाटील!" "शिंगं मोडून वासरात घालून राहिला काऊन गा?" मामा म्हणाला. "दात दाखव त्याचे." मामाचा हात पोचू नये म्हणून दलालानं बैलाच्या तोंडावर काठी हाणली. बैलानं मान झटकली, शिंगाचा रक्ताळलेला खुंट दलालाच्या जबड्यावर बसला आणि त्याचे पुढचे दोन दात धुळीत पडले. मामानं शांतपणे बैलाचं तोंड उघडलं. "याचे झिजले, तुहे पडले," म्हणत तो बैलाविनाच घरी निघाला. पुढे केस काळे केलेल्या युवानेत्यांचे सत्कार बघताना मला तो खुंट हमखास आठवायचा. डॉक्टरानं आता यंत्र काढून वय विचारलं, आणि मी निमूट आ केला.