येळवशीच्या दुपारचे आठ साक्षीदार

ती केस आजही आठवते आणि आठवली की आरोपीच्या आधी मला स्वतःचाच राग येतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, राग काही कमी झालेला नाही.

मी मूळचा नाशिककडचा. शिपाई म्हणून भरती झालो, खात्यांतर्गत परीक्षा दिली, झिजत झिजत निरीक्षक झालो. शेवटी लातूर जिल्ह्यात, किल्लारीच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. तिथं निलंग्याकडची एक तरुण महिला उपनिरीक्षक आली. स्पर्धा परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास झालेली. महिन्याभरात लोक दारातूनच विचारू लागले, "म्याडम हायत का?" गुन्हे आढावा बैठकीत एसपी साहेबांनी माझ्यासमोर तिचं कौतुक केलं. मी हसून मान डोलावली, पण माझ्या पोटात दुखत होतं. तिच्या प्रत्येक कागदात खोट काढायची मला सवयच लागली.

वेळा अमावस्येच्या, तिकडच्या बोलीत येळवशीच्या, संध्याकाळी एका गावातून फोन आला. फोन करणारे गृहस्थ सत्तरीचे, गावात मोठा मान, सगळे त्यांना काका म्हणत. महादेवाच्या देवळातला चांदीचा मुखवटा चोरीला गेला होता. काकांनी फोनवरच संशयितही सांगून टाकली. गावची पोलीस पाटीलबाई. देवळाची किल्ली तिच्याकडे असे. ती तिशीतली विधवा, दोन वर्षांपूर्वी परीक्षा देऊन त्या पदावर आलेली. त्याआधी तीन पिढ्या ते पद काकांच्या घरात होतं. हे मला माहीत होतं, पण मी त्यावर विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गावात गेलो आणि मारुतीच्या पारावर साक्षीदारांना एकत्र बसवलं. जबाब एकेकाचा, दुसऱ्याच्या कानावर न पडता घ्यायचा, हे मी नव्या शिपायांना शिकवत आलो होतो. तरी त्या दिवशी कंटाळा केला. काका पहिले बोलले. काल दुपारी एकच्या सुमारास आपण घरासमोर ओट्यावर बसलो होतो, तेव्हा बाई पदराखाली काहीतरी झाकून देवळातून निघाली, असं त्यांनी सांगितलं. मग मी बाकीच्या सात जणांना विचारलं. काका प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. प्रत्येक जण म्हणाला, हाव, म्याबी माझ्या ओट्यावर होतो, म्याबी बघितलं. हवालदारांनी आठ जबाब लिहिले, खाली सह्या झाल्या. एवढी पक्की केस बऱ्याच दिवसांनी हाती लागली म्हणून मी खूश होतो.

तिसऱ्या दिवशी अटकेची तयारी चालली असताना मॅडम ते जबाब घेऊन माझ्या केबिनमध्ये आल्या. म्हणाल्या, "सर, येळवशीला गावात माणूस राहत नाही."

मी बाहेरचा, मला वेळा अमावस्या म्हणजे एक सुट्टी एवढंच ठाऊक. त्यांनी समजावून सांगितलं. त्या दिवशी घराला कुलूप लावून सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारून पूजा होते, मग येईल त्याला मिसळीच्या भाज्यांची भज्जी, भाकरी आणि आंबील. गुडघे धरलेला एखादा म्हातारा घरी राहू शकतो. आठ ओट्यांवर आठ माणसं कशी असतील?

त्यांचं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी पटलं. आणि हे मला न सुचता त्यांना सुचलं म्हणून मी जळलो. दुसरा कुठलाही शब्द इथं चालणार नाही. मी हवालदार आणि चार शिपायांना आत बोलावलं आणि त्यांच्यासमोर विचारलं, या अटकेत कुणाला काही चूक दिसते का? पाचही जण म्हणाले, नाही साहेब. पाचही जण याच जिल्ह्यातले. दोन दिवसांपूर्वी स्वतःच्या शेतात जेवून आलेले.

महिलेला अटक करायला महिला अधिकारी लागते. मी ते काम मुद्दाम मॅडमनाच दिलं. त्या म्हणाल्या, आदेश आहे तर करते, पण माझी हरकत स्टेशन डायरीत नोंदवते. आणि त्यांनी खरंच नोंदवली.

पोलीस पाटीलबाई दुपारी माझ्यासमोर उभी होती. कोर्टाने कोठडी दिली की पद गेलं, आणि त्या मानधनावरच ती आणि तिची सासू जगत होत्या. ती रडली नाही. खाली बघत म्हणाली, "साहेब, आठ माणसं म्हणायलीत की म्याच नेला. दोन दिस ऐकून ऐकून आता मलाच वाटायलंय, आपण खरंच तर न्हाई ना नेला?"

हे ऐकून मला कसंतरीच झालं. डायरीतली नोंद वरिष्ठ वाचतील ही भीतीही होती, ती लपवत नाही. मी मॅडमना म्हणालो, साक्षीदार पुन्हा तपासा, एकेकटे.

त्यांनी सर्वांत तरुण साक्षीदाराला आधी बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. चोरीचं नावसुद्धा काढलं नाही. यंदा तुमच्या शेतात येळवशीला कोण कोण होतं, एवढंच विचारलं. शेतकऱ्याला त्या दिवशीच्या पंगतीचा अभिमान असतो. तो खुलला. वीस माणूस जेवलं, आंबील लई झकास झाली होती, सांजच्यापर्यंत रानातच होतो, असं त्याने भरभरून सांगितलं. मॅडमनी फक्त त्याचा जबाब त्याच्यासमोर ठेवला.

त्याने तो कागद हाताने मागे सारला. मग म्हणाला, "काकांनी आदुगर सांगितलं. बाजूचे सगळे हाव म्हणले. म्या एकल्यानं न्हाई कसं म्हणावं, म्याडम? मला गावातच ऱ्हायचंय."

त्याच्यानंतर बाकीचे सहा तासाभरात खरं बोलले. दिवस मावळायच्या आत काकांच्या घराच्या झडतीत ज्वारीच्या कणगीत मुखवटा सापडला. देवळाची जुनी किल्ली त्यांच्याकडे राहिली होती. पंचनामा चालू असताना काका ताठ बसून होते. मी विचारलं, का केलंत? ते म्हणाले, "साहेब येतो तवा खुर्ची आमच्या वसरीत पडायची. आता त्या पोरीच्या दारात पडती."

 लोकांनी दारातून 'म्याडम हायत का' विचारलं की माझंही असंच व्हायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोर्टात अहवाल दिला आणि बाई सुटली. पद राहिलं. मी हवालदारांना बाजूला घेऊन विचारलं, येळवशीची गोष्ट तुमच्या लक्षात आली नव्हती का? ते म्हणाले, आली होती साहेब, पण तुम्ही ठरवलं होतं. पारावरच्या त्या सात जणांना मी मनात भित्रे ठरवलं होतं. माझ्या ठाण्यात मीच काका होतो, हे मला तेव्हा कळलं. माणसं खोटी नसतात. समोर कोण बसलंय आणि शेजारचा काय म्हणाला, हे बघून ती बोलतात, आणि समोर बसणाऱ्याने ते ओळखायचं असतं. नोकरीत एवढं शिकायला मला तीस वर्षं लागली.

शिकलो म्हणून सुधारलो असं मात्र झालं नाही. आठवड्याने बक्षिसाचा प्रस्ताव मीच लिहून पाठवला. 'माझ्या मार्गदर्शनाखाली पथकाने गुन्हा उघडकीस आणला,' एवढंच त्यात लिहिलं. प्रशस्तिपत्र माझ्या नावाने आलं, ते घरी भिंतीवर आहे. मॅडमनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. आम्ही पोलीस आठवणी लिहितो तेव्हा कुणाचं नाव घेत नाही, तसा रिवाज आहे, म्हणून इथंही त्यांचं नाव नाही. त्या प्रस्तावात मात्र तपास करणाऱ्याचं नाव लिहायला एक रकाना होता.